स्वतःवर उलटणारे वाक्य आणि साताऱ्याची व्याकरणपरंपरा

आपल्या कोणत्याही गावात दहा पावले चालले, की एखाद्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसते : 'या भिंतीवर लिहू नये.' वाचणारा ते वाचतो आणि पुढे जातो. क्षणभर थांबून विचार केला तर ध्यानात येते, की ज्याने ही आज्ञा लिहिली त्यानेच ती प्रथम मोडली. आणि त्याने ती मोडली नसती तर ती कोणाला कळलीही नसती. वर्गात गलबला चालला असता 'कोणी बोलू नका' असे मास्तर ओरडतात, त्यातही हाच प्रकार आहे. मुले त्यावर वाद घालीत नाहीत. मास्तरांच्या 'कोणी' या शब्दात मास्तर स्वतः धरलेले नाहीत, हे अगदी लहान पोरालाही उमगते.

हे लहान पोराला उमगते खरे. पण ते कसे उमगते, हा प्रश्न लहान नाही. तो दोन हजार वर्षे मोठमोठ्या पंडितांना पुरला आहे. आणि आम्हांस आज विशेषेकरून सांगावयाचे आहे ते हे, की या प्रश्नाच्या इतिहासातील एक धागा आपल्या सातारा-सांगलीच्या मातीतून गेलेला आहे. तो कोठून आला, कोठे गेला आणि मध्येच का दिसेनासा झाला, याचा मागोवा आपण घेऊ.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम प्रश्न नीट समजावून घेऊ. मराठीत आपण 'वदतो व्याघात' असा शब्दप्रयोग नेहमी करतो. बोलणाऱ्याच्या बोलण्यानेच त्याच्या म्हणण्याचा घात होणे, असा त्याचा अर्थ. 'माझी आई वांझ होती' किंवा 'माझ्या तोंडात जीभ नाही' ही शास्त्रकारांची ठरीव उदाहरणे. अशी वाक्ये विनोदी वाटली तरी त्यांत गूढ असे काही नाही. ती सरळसरळ खोटी आहेत. खोटी म्हटली, की प्रकरण मिटते.

परंतु ग्रीस देशात ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात युबुलिडीस नावाच्या पंडिताने जो पेच टाकला, तो खोटा म्हणून मिटत नाही. एक मनुष्य म्हणतो, 'मी आता बोलतो आहे ते खोटे आहे.' हे वाक्य खरे मानावे, तर ते सांगते त्याप्रमाणे ते खोटे ठरते. खोटे मानावे, तर ते खोटे आहे असेच तर त्याने म्हटले होते. म्हणजे ते खरे ठरते. खऱ्याकडून खोट्याकडे आणि खोट्याकडून खऱ्याकडे अशा येरझारा सुरू होतात, आणि त्यांना अंत नाही.

एकाच वाक्याने स्वतःकडे बोट दाखविले पाहिजे असेही नाही. शाळेतली पाटी घ्या. एका बाजूला लिहा, 'मागील बाजूचे वाक्य खरे आहे.' मागील बाजूला लिहा, 'पुढील बाजूचे वाक्य खोटे आहे.' दोन्ही वाक्ये साधी, निरुपद्रवी. पण पाटी उलटसुलट करून हात दुखले तरी निकाल लागत नाही. आपल्या नैयायिकांनी अशा दोषांना नावे देऊन ठेविली आहेत. एखादी गोष्ट स्वतःवरच टेकली तर तो आत्माश्रय. दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक गोष्टींचे वर्तुळ झाले तर चक्रक. आणि टेकू शोधता शोधता शेवटच लागला नाही तर अनवस्था. नावे आहेत याचा अर्थ रोगाची ओळख होती, इतके तरी निश्चित.

तासगाव ते सातारा

आता धाग्याकडे वळू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्याच्या पूर्वार्धात काशीमध्ये नागेशभट्ट नावाचे महावैयाकरण होऊन गेले. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित यांचे ते शिष्य. 'परिभाषेन्दुशेखर', 'लघुशब्देन्दुशेखर', 'उद्द्योत' हे त्यांचे ग्रंथ पुढे देशभर व्याकरणाच्या अध्ययनाचा कणा झाले. काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी आपल्या संस्कृत व्याकरणाच्या कोशात नागेशभट्टांना सातारा जिल्ह्यातील तासगावचे महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हटले आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० पासून तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो, म्हणून आजच्या हिशेबाने तासगाव सांगलीकडे येते. नागेशांवर हक्क कोणाचा, हा वाद दोन जिल्ह्यांनी खुशाल घालावा. आमच्यापुरते दोन्ही आपलेच.

नागेशांची विद्या त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांच्या परंपरेतून पुन्हा दक्षिणेत आली, आणि पुण्यात शिकलेल्या भास्करशास्त्री अभ्यंकरांनी ती साताऱ्यास आणली. भास्करशास्त्री १७८५ साली जन्मले आणि १८७० साली निवर्तले. हे आयुष्य केवढे, याची कल्पना करून पहा. त्यांच्या तारुण्यात पेशवाई होती. प्रौढपणी साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते. उतारवयात, १८४८ साली, ते राज्य कंपनी सरकारने खालसा केले. आणि अखेरच्या दिवसांत व्हिक्टोरिया राणीचा अंमल चालू होता. चार अमदानी पाहिल्या, पण पाठ बदलला नाही. त्यांचे शिष्य रामशास्त्री गोडबोले. आणि रामशास्त्र्यांच्या हाताखाली तयार झाले ते त्याच अभ्यंकर घराण्यातील वासुदेवशास्त्री, ज्यांचा काळ १८६३ ते १९४२. वासुदेवशास्त्री पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि महामहोपाध्याय म्हणून सर्वत्र मान्य झाले. कोशकार काशीनाथशास्त्री हे त्यांचे चिरंजीव.

पहिल्याच पानावरची गाठ

या परंपरेत शिकणाऱ्या मुलापुढे सिद्धान्तकौमुदी उघडली, की पहिल्याच पानावर आपला प्रश्न उभा राहत असे. तो असा. पाणिनीने सारे वर्ण चौदा लहान सूत्रांत बसविले आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचे व्यंजन ठेवले. या खुणेला 'इत्' म्हणतात. सुरुवातीचा वर्ण आणि शेवटची खूण जोडली, की मधल्या सगळ्या वर्णांचे एक आटोपशीर नाव होते. 'अच्' म्हणजे सगळे स्वर, 'हल्' म्हणजे सगळी व्यंजने. ही युक्ती इतकी नामी, की आजही तिची वाखाणणी होते.

परंतु शेवटचा वर्ण खूण म्हणून समजावा, हे सांगावयास पाणिनीला एक नियम करावा लागला. शेवटचे व्यंजन ते इत्, असा तो नियम. आणि या नियमात व्यंजनासाठी शब्द कोणता? तर 'हल्'. आता पंचाईत पहा. 'हल्' म्हणजे काय हे कळावयास चौदाव्या सूत्राच्या शेवटचा 'ल्' हा इत् आहे हे आधी ठाऊक पाहिजे. तो इत् आहे हे ठाऊक व्हावयास हा नियम कळला पाहिजे. आणि नियम कळावयास 'हल्' कळले पाहिजे. कुलपाची किल्ली त्याच पेटीत राहिली.

भट्टोजी दीक्षितांनी सांगितलेला उपाय मोठा शहाणपणाचा आहे. नियम दोनदा वाचावयाचा. पहिल्या वाचनात त्याचा अर्थ अगदी आखूड घ्यावयाचा : 'हल्' नावाच्या त्या एका सूत्राच्या शेवटचा वर्ण इत् समजावा. एवढ्याने 'हल्' ही संज्ञा तयार होते. मग दुसऱ्या वाचनात तोच नियम पूर्ण अर्थाने सर्वत्र लावावयाचा. शब्द तेच, पण एका पायरीवर ते संज्ञा घडवितात आणि दुसऱ्या पायरीवर ती वापरतात. अशा पायऱ्या पाडल्या, की वर्तुळाचा जिना होतो.

पतंजलीने महाभाष्यात, पाणिनीच्या अगदी पहिल्याच सूत्रावर बोलताना, अशा परस्परावलंबनाला एक दृष्टान्त दिला आहे. नावेला नाव बांधली, तर एक दुसरीला तारू शकत नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी सांगलीत २००५ किंवा २०१९ सालचा कृष्णेचा पूर पाहिला आहे, त्यांना या दृष्टान्ताची टीका नको. पुरात दोन नावा एकमेकींना बांधून उपयोग नसतो. दोर काठाला, झाडाला, निदान एखाद्या दगडाला जावा लागतो. हा काठ कोणता, हा प्रश्न मनात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

उच्चार आणि वापर

त्याच महाभाष्याच्या आरंभी, पस्पशाह्निक म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रकरणात, एक खटकेबाज संवाद आहे. व्याकरणाने सिद्ध होणारी 'ऊष', 'तेर', 'चक्र', 'पेच' अशी काही क्रियापदरूपे लोकांच्या बोलण्यात कोठेच आढळत नाहीत, अशी चर्चा निघते. शब्द आहेत, पण ते वापरात नाहीत, असे एकाने म्हणताच दुसरा त्याला पकडतो. आहेत तर वापरात नाहीत कसे? वापरात नाहीत तर आहेत कशावरून? शिवाय, महाराज, आपण आत्ताच ते उच्चारलेत. स्वतः वापरून वर 'वापरात नाहीत' म्हणता!

आपल्या भिंतीवरची पाटी ती हीच. पतंजलीचे उत्तर थोडक्यात असे, की शास्त्रात शब्द दाखविण्यासाठी उच्चारणे वेगळे आणि लोकव्यवहारात अर्थासाठी तो योजणे वेगळे. मराठीत सांगावयाचे तर, 'घोडा दोन अक्षरी आहे' आणि 'घोडा चार पायांचा आहे' या दोन वाक्यांत 'घोडा' एकच नव्हे. पहिला शब्दाचा, दुसरा तबेल्यातला. व्याकरणात शब्दाने स्वतःचेच रूप दाखवावे, असे पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात अडुसष्टाव्या सूत्रात सांगून ठेविले आहे. नाहीतर 'अग्नीला प्रत्यय लावावा' म्हटल्यावर विद्यार्थी निखाऱ्याजवळ जावयाचा.

शब्द स्वतःकडे पाहू लागला, की गंमत कशी होते ते पहा. 'मराठी' हा शब्द मराठी आहे. 'इंग्रजी' हा शब्द इंग्रजी नाही. 'त्र्यक्षरी' या शब्दात खरोखर तीन अक्षरे आहेत. 'पंचाक्षरी' या शब्दात मात्र चारच. पहिला आपल्याला लागू पडतो, दुसरा पडत नाही. स्वतःला लागू पडणाऱ्या शब्दांना स्वलक्षी म्हणू आणि न पडणाऱ्यांना परलक्षी म्हणू. मग 'परलक्षी' हा शब्द कोणत्या वर्गात घालावा? परलक्षी म्हणावा तर तो स्वतःला लागू पडला, म्हणजे स्वलक्षी झाला. स्वलक्षी म्हणावा तर तो स्वतःला लागू पडतो, म्हणजे परलक्षी झाला. हा पेच कुर्ट ग्रेलिंग या जर्मन पंडिताने १९०८ साली मांडला. घरी जाऊन मुलांना घालावा. रात्रीची झोप उडविण्यास पुरेसा आहे.

'मी बोलतो ते सर्व खोटे'

पतंजलीनंतर काही शतकांनी, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास, भर्तृहरीने 'वाक्यपदीय' लिहिले. त्याच्या तिसऱ्या कांडात संबंधसमुद्देश नावाचे एक प्रकरण आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध कसा, याचा त्यात विचार आहे. भर्तृहरी म्हणतो, हा संबंध कोणत्याही शब्दाने वस्तूसारखा दाखविता येत नाही. यावर आक्षेप तयारच असतो : जे शब्दाने सांगता येत नाही त्याला तुम्ही 'अवाच्य' म्हटलेत, म्हणजे एका शब्दाने सांगितलेतच! आणि याच ओघात, अगदी सहज, तो दुसरे उदाहरण घेतो. 'मी बोलतो ते सर्व खोटे' असे कोणी म्हटले तर काय समजावे?

ग्रीसमधला तोच पेच येथे आला. पण पाहण्याची दिशा निराळी आहे. हे वाक्य खरे की खोटे, असे भर्तृहरी विचारीत नाही. बोलणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे, असे तो विचारतो. याला शास्त्रात 'विवक्षा' म्हणतात. तो मनुष्य आपल्या इतर बोलण्याविषयी काही सांगू इच्छितो. त्या 'सर्व'मध्ये हे वाक्यही धरले, तर त्याला जे सांगावयाचे आहे तेच सांगितले जाणार नाही. म्हणून हे वाक्य त्यात विवक्षित नाही. आणि यामागचे कारणही तो देतो. जो शब्द ज्या क्षणी अर्थ दाखविण्याचे काम करीत असतो, तो त्याच क्षणी त्याच कामाचा विषय होऊ शकत नाही. संशयाचेही तसेच. संशय घेत असताना त्याच संशयाचा संशय घेऊ लागलो, तर संशयच उरत नाही.

मास्तरांचे 'कोणी बोलू नका' पोराला का कळते, याचे उत्तर येथे मिळते. पोर वाक्य ऐकत नाही, मास्तरांना ऐकते.

आता इतिहासातील योगायोग पहा. वाक्यपदीयाची एक चिकित्सक आवृत्ती १९६५ साली पुणे विद्यापीठाने काढली. तिचे संपादक दोन : आचार्य वि. प्र. लिमये आणि काशीनाथ वासुदेव अभ्यंकर, म्हणजेच साताऱ्याच्या भास्करशास्त्र्यांच्या परंपरेचे वारस. पुढे १९८१ साली राधिका आणि हान्स हर्झबर्गर यांनी एका निबंधात, आणि १९९५ साली यान हाउबेन या डच पंडिताने या प्रकरणावरील ग्रंथात, भर्तृहरीचा हा विचार आधुनिक तर्कशास्त्रापुढे ठेवला. तेव्हा कोठे, युबुलिडीसच्या पेचाचा स्वतंत्र विचार भारतातही झाला होता, ही गोष्ट जगाच्या चर्चेत आली.

कृष्णाकाठचा दुसरा विचार

व्याकरणाच्या पाठशाळांखेरीज आपल्या भागात आणखी एक परंपरा या प्रश्नाशी झुंजलेली आहे. तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. सांगली आणि तिच्या आसपासच्या गावांत जैन समाज मोठा आहे, आणि १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे सांगली हे प्रमुख केंद्र आहे. जैन दर्शनाचा गाभा अनेकान्त. कोणत्याही वस्तूविषयी एकाच बाजूने केलेले विधान पुरे नसते. एका अपेक्षेने 'आहे', दुसऱ्या अपेक्षेने 'नाही', आणि दोन्ही एकदम म्हणू गेल्यास 'अवक्तव्य', असे भंग तेथे सांगितले आहेत.

यावर आक्षेप उघड आहे. सर्व विधाने सापेक्ष म्हणता, तर हे विधान सापेक्ष की निरपेक्ष? निरपेक्ष म्हणाल तर सिद्धान्त मोडला. सापेक्ष म्हणाल तर तो पांगळा झाला. प्राचीन दिगंबर आचार्य समन्तभद्र यांनी हा वार चुकविला नाही. आपल्या स्वयंभूस्तोत्रात त्यांनी तो अंगावर घेतला आणि सांगितले, की अनेकान्तही अनेकान्तच आहे. संपूर्ण ज्ञानाच्या म्हणजे प्रमाणाच्या दृष्टीने पाहिले तर तो अनेकान्त; एखाद्या विशिष्ट नयाच्या दृष्टीने पाहिले तर तोच एकान्त. भर्तृहरीने आपले वाक्य स्वतःच्या कक्षेतून बाहेर काढले. समन्तभद्रांनी सिद्धान्ताला स्वतःच्या कक्षेत घेतले. दोघांचे मार्ग उलट आहेत, परंतु प्रश्न टाळला मात्र कोणीच नाही.

युरोपातील विसावे शतक

विसाव्या शतकाच्या आरंभी हा जुना खेळ एकाएकी गंभीर झाला. वाईला मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, हे आपण जाणताच. अशा ग्रंथघरात याद्या पुष्कळ असतात. समजा, काही याद्यांत त्यांचे स्वतःचे नाव नोंदलेले आहे, काहींत नाही. एका व्यवस्थित कारकुनाने ठरविले, की ज्या याद्यांत स्वतःचे नाव नाही अशा सर्व याद्यांची, आणि केवळ त्यांचीच, एक यादी करावी. काम झाले. शेवटी प्रश्न आला : या नव्या यादीचे नाव तिच्यात घालावे की नाही? घातले तर ती तेथे राहण्यास अपात्र. न घातले तर पात्र.

याच सांच्याचा पेच बर्ट्रंड रसेल यांना गणिताच्या पायात सापडला. १६ जून १९०२ रोजी त्यांनी तो गोट्लोब फ्रेगे यांना पत्राने कळविला. फ्रेगे यांच्या महाग्रंथाचा दुसरा खंड त्या वेळी छपाईत होता. आयुष्यभराच्या इमारतीचा पाया हलला हे त्यांनी ओळखले, आणि १९०३ साली निघालेल्या त्या खंडाला परिशिष्ट जोडून ते जाहीरपणे मान्य केले. असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. पुढे १९३१ साली कुर्ट गोडेल यांनी स्वतःविषयी बोलणाऱ्या विधानाचेच हत्यार केले आणि गणितातील सिद्धतेला मर्यादा आहेत हे दाखविले. आणि पोलंडचे आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३३ साली असा मार्ग सुचविला, की एका भाषेतील वाक्याचे खरेखोटेपण त्याच भाषेत न बोलता तिच्या वरच्या पायरीवरील भाषेत बोलावे.

ताळेबंद

येथे मोह आवरला पाहिजे. पायरी हा शब्द ऐकताच भट्टोजी दीक्षितांचे दुहेरी वाचन आठवते, आणि 'पहा, हे सर्व आमच्याकडे आधीच होते' असे उद्गार तोंडी येतात. आम्हांस ते मान्य नाहीत. दीक्षितांनी एका नियमाची गाठ सोडविली. टार्स्कींनी सत्य या कल्पनेचीच व्यवस्था लावली. दोहोंत साम्य आहे, पण दोन्ही एक नव्हेत. भर्तृहरीच्या उत्तरालाही मर्यादा आहे. एखादा हटवादी मनुष्य म्हणाला, 'मला इतर बोलण्याविषयी काही सांगावयाचेच नाही. हेच वाक्य खोटे आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे,' तर विवक्षेची ढाल अपुरी पडते. शब्द स्वतःचा विषय होत नाही, असे सरसकट म्हणावे तर 'हे वाक्य मराठीत आहे' हे वाक्य पुढे येते. ते स्वतःविषयीच बोलते, आणि निखालस खरे आहे.

मग भर्तृहरीपासून आपण काय घ्यावे? आमच्या मते, काठ. वाक्य ही एकटी नाव आहे. ती तरते ती बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील विश्वासाच्या काठाला बांधलेली असते म्हणून. 'सगळे पुढारी खोटे बोलतात' असे एखादा पुढारी व्यासपीठावरून सांगतो आणि टाळ्या घेतो. 'कोणावरही विश्वास ठेवू नका' असे दुसरा म्हणतो, आणि निदान एवढ्यापुरता आपल्यावर विश्वास ठेवा अशी मूक मागणी करतो. खोटे बोलणाराही खऱ्याच्याच भांडवलावर धंदा करतो. ते भांडवल संपले, तर त्याचे खोटेही कोणी ऐकणार नाही.

आणि याच काठाचा प्रश्न आम्हांस आपल्या पाठशाळांनाही विचारावासा वाटतो. नागेशांपासून भास्करशास्त्र्यांपर्यंत गुरूने शिष्याला आणि शिष्याने प्रशिष्याला विद्या दिली. तिची निष्ठा आदरणीय आहे. तिच्यावाचून ग्रंथ टिकले नसते. पण ती विद्या संस्कृतातच, एका वर्णाच्या मुलांतच फिरली. ज्या सातारा जिल्ह्यातील कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव, आणि ज्या जिल्ह्यातील काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला कौमुदीच्या पहिल्या पानावरची ती गाठ कधी दिसलीच नाही. नावेला नाव बांधली होती. राजाश्रयाचा दोर तुटला, तेव्हा दोन्ही नावा बरोबरच वाहू लागल्या.

म्हणूनच वासुदेवशास्त्र्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात जे काम केले, त्याचे मोल आम्ही त्यांच्या संस्कृत टीकांहून कमी मानीत नाही. त्यांनी संपूर्ण महाभाष्य मराठीत आणले. १९३८ पासून डेक्कन एज्युकेशन सोसायटीने त्याचे सहा खंड छापले, आणि १९५४ साली काशीनाथशास्त्र्यांच्या प्रस्तावनेचा सातवा खंड निघाला. तासगाव, काशी, पुणे, सातारा असा फिरलेला दोर अखेर लोकभाषेच्या काठाला लागला. मराठी वाचणाऱ्या कोणालाही आता पतंजलीच्या तोंडून तो नावेचा दृष्टान्त ऐकता येतो. तो ऐकण्यास आपण किती जण गेलो, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पहावे.

'सर्व ज्ञान आपल्या ग्रंथांत आहे' असे म्हणणाऱ्यास विचारावे, की हे वाक्य कोणत्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ आपण उघडला आहे काय? 'जुन्या ग्रंथांत काहीच नाही' असे म्हणणाऱ्यासही दुसरा प्रश्न तोच विचारावा. दोन्ही वाक्ये स्वतःवर उलटतात.

भिंतीवरची पाटी मात्र तशी उलटत नाही. तिचा मालक मूर्ख नव्हता. सर्वांना सांगता यावे म्हणून त्याने एकदा भिंतीबाहेर उभे राहून लिहिले, आणि वाचणाऱ्यांनी ते समजून घेतले. असे समजून घेण्याची सवय ज्या गावात टिकून आहे, त्या गावाला कोणत्याही कोड्याचे भय नाही.